लॅपटॉप कुठल्याही कंपनीचा असो, लिनक्स मिंट टाकताना हा क्रम चुकवू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनचे धडधाकट लॅपटॉप असलेले बरेच जण लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतायत. चांगलंय. फक्त होतं काय, व्हिडिओ बघितलेला असतो डेलवरचा, घरात मशीन असतं एसरचं, आणि एफ१२ दाबून दाबून बोट दुखलं तरी पेन ड्राइव्हवरून काही चालू होत नाही. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं स्वतःचं सेटिंग) जाऊन दिसेल ते बदलायचं, आणि शेवटी विंडोजही उघडत नाही म्हणून दुकानात धाव.

मिंटचा इन्स्टॉलर सगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकसारखाच चालतो, त्यात अवघड असं काही नाही. घोडं पेंड खातं ते त्याच्या आधीच्या तासाभरात. बायोसचे मेनू, बूटची बटणं, डिस्कचा मोड, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि यातलं काय आधी नि काय नंतर हे चुकलं की खेळ खल्लास. म्हणून खाली इन्स्टॉलपेक्षा तयारीवरच जास्त लिहिलंय. मिंट २२ मालिका धरलीय (उबुंटू २४.०४ वर बेतलेली, एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार), आणि विंडोज ठेवून बाजूला मिंट टाकायचं असं गृहीत धरलंय. विंडोज पूर्ण उडवायचं असेल तरी पहिले सहा टप्पे तसेच करा.

१. आधी विंडोजमध्येच बसा, बायोसला हात लावू नका

एक कागद घ्या किंवा मोबाइलमध्ये फोटो काढत जा. विंडोजच्या सर्चमध्ये "सिस्टिम इन्फर्मेशन" उघडा आणि एवढं टिपून ठेवा: मॉडेलचं पूर्ण नाव, प्रोसेसर, रॅम, "बायोस मोड" समोर यूईएफआय (बूट व्हायची नवी पद्धत) लिहिलंय का लेगसी (जुनी), आणि "सिक्युअर बूट स्टेट" (अनोळखी सिस्टिम चालू होऊ न देणारी सोय) ऑन आहे का ऑफ. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डचं नाव आणि ग्राफिक्स कार्डचं नाव बघा.

बायोस मोड का बघायचा? कारण विंडोज लेगसीत बसलेलं असेल आणि तुम्ही मिंट यूईएफआय मोडमध्ये टाकलंत (किंवा उलटं), तर दोन्ही एका मेनूत येत नाहीत. प्रत्येक वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं. मिंटही त्याच मोडमध्ये टाकायचं, बस. २०१३ नंतर विंडोज ८ किंवा १० सकट आलेले ब्रँडेड लॅपटॉप जवळपास सगळे यूईएफआयवालेच असतात. असेंबल्ड पीसी आणि दुकानदाराने नंतर विंडोज टाकून दिलेली मशीन इथे जास्त दगा देतात.

वायफायचं म्हणाल तर इंटेलचं कार्ड असेल तर निवांत राहा. रिअलटेक बहुतेक चालतं, पण नवं कार्ड असेल तर नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) लागतो. ब्रॉडकॉम (जुने मॅकबुक, काही जुने डेल) असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. मीडियाटेक ७९२१ चालतं, ७९०२ साठी मात्र लिनक्समध्ये बराच काळ ड्रायव्हरच नव्हता, ते दिसलं तर सहाव्या टप्प्यात तपासून मगच पुढे जा.

अजून एक काम आत्ताच: बायोसचं अपडेट. घरगुती मॉडेलची बायोस अपडेट बहुधा विंडोजवर चालणाऱ्या फाइलच्या रूपात येतात. डेल, थिंकपॅड आणि एचपीच्या ऑफिसवाल्या मालिकांना लिनक्समधूनही फर्मवेअर अपडेट मिळतं, बाकीच्यांना विंडोज गेलं की ती सोय गेली. म्हणून कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचं अपडेट आधी मारून घ्या. चार्जर लावून. मध्येच लाइट जायची भीती असेल आणि बॅटरी मेलेली असेल तर हे करूच नका, अर्धवट बायोस अपडेट म्हणजे मदरबोर्डच गेला समजा.

तपासा: सेकंड-हँड घेतलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक असेल (लॅमिंग्टन रोडवर असे कंपन्यांतून बाहेर पडलेले ढिगाने मिळतात) तर बायोसला सुपरवायझर पासवर्ड तर नाही ना हे आधी बघा. असेल तर सेटिंग दिसतील पण बदलता येणार नाहीत. ज्याने विकला त्याच्याकडूनच तो काढून घ्यायचा.

२. बॅकअप आणि बिटलॉकर

बॅकअपबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहितीय आणि कोणी करत नाही. डेस्कटॉप, डॉक्युमेंट, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल. हे सगळं बाहेरच्या डिस्कवर. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी हा बॅकअप नाही, कारण सी आणि डी ही बहुतेक वेळा एकाच डिस्कची दोन पार्टिशनं असतात.

श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली असतील तर त्या आत्ताच युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर मिंटमध्ये उघडल्यावर तो फॉन्ट नसल्यामुळे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आणि टॅली प्राइम किंवा डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवर तुमचं पोट असेल तर विंडोज अजिबात उडवू नका, बाजूला ठेवा.

आता महत्त्वाचं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून ठेवायची सोय. विंडोज होम असेल तर तेच "डिव्हाइस एन्क्रिप्शन" नावाने असतं आणि बऱ्याच जणांना ते चालू आहे हेच माहीत नसतं, कारण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते अनेक मशीनवर आपोआप चालू होतं. अशा मशीनवर बायोसमधलं सिक्युअर बूट नुसतं बंद केलंत तरी पुढच्या वेळी विंडोज निळा स्क्रीन दाखवून ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती असते तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, आणि अकाउंट कोणाचं? कधीतरी दुकानदाराने बनवून दिलेलं, पासवर्ड कोणालाच आठवत नाही.

म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्ट पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठी हार्ड डिस्क असेल तर तास-दोन तास सहज जातात, घाई करून मध्ये बंद करू नका. एन्क्रिप्शन ठेवायचंच असेल तर निदान की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा.

सावधान: एन्क्रिप्शन बंद करायला घेतलं असेल आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हखाली अजूनही "बिटलॉकर एन्क्रिप्टेड" दिसत असेल तर तिसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

३. जागा मोकळी करा, फास्ट स्टार्टअप बंद करा

विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच लहान करायचं, मिंटच्या इन्स्टॉलरमधून नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी किंवा डी वर राइट क्लिक, "श्रिंक व्हॉल्यूम". मिंटला कमीत कमी २० जीबी लागतात, पण तेवढ्यात काही मजा नाही, ६० ते १०० जीबी द्या. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत "अनअलोकेटेड" म्हणून दिसेल. तिला तशीच सोडा, तिचं नवीन ड्राइव्ह बनवू नका. ही चूक इतके जण करतात की काय सांगू, "ई ड्राइव्ह बनवलाय मिंटसाठी" म्हणून, आणि मग इन्स्टॉलरमध्ये मोकळी जागा शून्य.

श्रिंक करताना अपेक्षेपेक्षा फारच कमी जागा मिळत असेल तर हायबरनेशन, सिस्टिम रिस्टोर आणि पेज फाइल तात्पुरती बंद करून रिस्टार्ट करा नि परत बघा. या फाइली मध्येच ठाण मांडून बसतात.

मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" आणि तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढा. ही टिक असली की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धं झोपलेलंच असतं. मग मिंटमधून डी ड्राइव्ह उघडलात तर फाइली फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत, आणि काही मशीनवर चालू होताना बूटचं बटणच पकडलं जात नाही.

शेवटी डिस्क मॅनेजमेंटचा फोटो काढून ठेवा. आठव्या टप्प्यात लागणार आहे.

४. पेन ड्राइव्ह

८ जीबीचा पुरतो. त्यातलं सगळं पुसलं जाणार. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) घ्या, साधारण ३ जीबी आहे. मिंट वेगवेगळ्या डेस्कटॉपसह मिळतं: रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर हलकं एक्सएफसीई, ८ जीबी असेल तर सिनॅमन. मशीन नवीन असेल तर मालिकेतली सगळ्यात ताजी आवृत्ती घ्या, २२.२ पासून ६.१४ कर्नल आलाय, त्यात नव्या वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर जास्त आहेत. कपाटात पडलेला दोन वर्षांपूर्वीचा मिंटचा पेन ड्राइव्ह वापरू नका. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या बूटलोडरना (सिस्टिम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) सिक्युअर बूटमध्ये अडवलं जातं, "शिम एसबॅट" असं काहीतरी बडबडून मशीन बंदच होतं.

डाउनलोड नीट झालंय का हे बघायला सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ काढता येतो, तो साइटवरच्या आकड्याशी जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्यात ९० टक्क्यांवर कळण्यापेक्षा बरं.

पेन ड्राइव्हवर लिहायला रूफस नावाचा प्रोग्राम. पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय (तुमचं लेगसी असेल तर एमबीआर). सुरू करताना आयएसओ मोड का डीडी मोड विचारतो, आधी आयएसओ घ्या, बूट नाही झालं तर परत डीडीने लिहा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून पेन ड्राइव्ह बूट होत नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

५. पेन ड्राइव्हवरून बूट: इथे कंपनी बघायची

आधी सगळ्या कंपन्यांवर बहुतेक वेळा चालणारा रस्ता. पेन ड्राइव्ह लावा, विंडोजमध्ये शिफ्ट धरून "रिस्टार्ट" दाबा, येणाऱ्या निळ्या मेनूत "यूज अ डिव्हाइस" निवडा आणि पेन ड्राइव्ह दिसला तर त्यावर क्लिक करा. बायोसमध्ये जायचं असेल तर तिथूनच ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, "यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज". बटणांची धावपळच नाही. हे नाही जमलं तर खालचं.

एचपी: चालू करताच एस्केप टकाटक दाबा, मेनू येईल, एफ९ बूटसाठी आणि एफ१० बायोससाठी. सिक्युअर बूट बदललंत तर रिस्टार्टनंतर काळ्या स्क्रीनवर चार अंकी कोड दाखवून तो टाइप करायला सांगतात. तिथे टाइप करायला चौकोन दिसत नाही, टाइप केलेले आकडेही दिसत नाहीत. लोकांना वाटतं मशीन हँग झालं आणि बंद करतात, की सेटिंग परत जुनंच. वरच्या ओळीतले आकडे वापरून कोड टाका, एंटर मारा, झालं.

डेल: एफ१२ बूट मेनू, एफ२ बायोस. यादीत पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो घ्या. डेलची खरी गंमत डिस्कच्या मोडमध्ये आहे, ती सातव्या टप्प्यात.

लेनोवो: थिंकपॅडला लोगो दिसताच एंटर, मग एफ१२ बूट आणि एफ१ बायोस. आयडियापॅडला एफ१२ आणि एफ२, पण तिथे बऱ्याचदा एफएन धरूनच दाबावं लागतं. त्यापेक्षा बऱ्याच आयडियापॅडच्या बाजूला सिमच्या ट्रेसारखं एक बारीक भोक असतं, मशीन बंद असताना त्यात पिन घालून दाबा, थेट मेनू येतो. २०२२ नंतरच्या काही थिंकपॅडवर सिक्युअर बूट चालू असताना लिनक्स अडवलं जातं. त्यासाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, त्याच पानावर "अलाउ मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए" आहे ते ऑन करा.

एसूस: लॅपटॉपला एस्केप बूट मेनू, एफ२ बायोस. पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर बायोसमधलं "फास्ट बूट" बंद करा. एसूसच्या डेस्कटॉप मदरबोर्डला मात्र एफ८ आणि डिलीट.

एसर: सगळ्यात जास्त शिव्या इथेच खाल्ल्या जातात. एफ१२ आहे, पण अनेक मॉडेलवर ते कारखान्यातूनच बंद असतं. आधी एफ२ ने बायोसमध्ये जा, मेन टॅबमध्ये "एफ१२ बूट मेनू" एनेबल करा, सेव्ह करून बाहेर या. सिक्युअर बूटचं सेटिंग राखाडी दिसतं नि बदलत नाही, तर सिक्युरिटी टॅबमध्ये सुपरवायझर पासवर्ड सेट केल्यावर ते उघडतं. हा पासवर्ड लिहून ठेवा, काम झाल्यावर काढून टाका. विसरलात तर मोठी भानगड.

असेंबल्ड पीसी: बायोसला डिलीट. बूट मेनूला गिगाबाइटवर एफ१२, एमएसआयवर एफ११. सीएसएम (लेगसी बूटची सोय) चालू असेल तर विंडोज कुठल्या मोडमध्ये आहे ते पहिल्या टप्प्यातल्या नोंदीशी जुळवूनच त्याला हात लावा.

मॅक: इंटेलवाला असेल तर चालू करताना ऑप्शन धरून ठेवा. २०१८ ते २०२० मधल्या ज्या मॅकमध्ये टी२ चिप आहे त्यांच्यावर आधी रिकव्हरीतल्या स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीमधून बाहेरून बूट करायची परवानगी द्यावी लागते, आणि टी२ मॅकबुकचा कीबोर्ड-ट्रॅकपॅड साध्या मिंटमध्ये चालत नाही, तेव्हा नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. एम१, एम२ वर मिंट चालतच नाही, त्यांच्यासाठी असाही लिनक्स हा वेगळा प्रकल्प आहे.

सावधान: सिक्युअर बूट सरसकट बंद करायला सांगणारे सल्ले मनावर घेऊ नका. मिंट २२ सिक्युअर बूट चालू असताना व्यवस्थित बूट होतं. खरंच अडलं तरच बंद करा, आणि एका वेळी एकच सेटिंग बदला, बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढा.

६. लाइव्हमध्ये (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये) तासभर खेळा

पेन ड्राइव्हवरून मिंटचा डेस्कटॉप आला की लगेच "इन्स्टॉल" वर क्लिक करायचा मोह आवरा. इथे काहीही बिघडत नाही, डिस्कला हात लागलेला नाही. त्यामुळे हीच वेळ आहे मशीन मिंटशी जमवून घेतंय का ते बघायची. वायफायला जोडा, यूट्यूबवर काहीतरी लावा, आवाज येतो का, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, माइक, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, ब्लूटूथ. मग झाकण बंद करा, पाच मिनिटांनी उघडा. झोपलेलं मशीन उठलं पाहिजे. नाही उठलं तर नंतर रोज छळणार. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये "स्लीप स्टेट" मध्ये विंडोजऐवजी लिनक्स असा पर्याय असतो, तो करून परत बघा. फिंगरप्रिंट बऱ्याच मॉडेलवर चालत नाही, ते मनात धरूनच चला.

डेस्कटॉप येण्याऐवजी काळा स्क्रीन आला, विशेषतः एनव्हिडियावाल्या मशीनवर, तर परत बूट करून पहिल्या मेनूत "कंपॅटिबिलिटी मोड" घ्या.

वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट लगेच चालू होतं, ड्रायव्हर लागत नाही. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर "ड्रायव्हर मॅनेजर" मधून टाकून बघता येतो. तरीही वायफाय नाहीच आलं तर इन्स्टॉल करायच्या आधी ठरवा: यूएसबीचा वायफाय डोंगल चालेल का, कार्ड बदलायचं का, का हा लॅपटॉप सोडायचा.

७. डिस्क दिसतेय का?

मेनूतून "डिस्क्स" उघडा. डाव्या बाजूला पेन ड्राइव्हशिवाय तुमची एसएसडी किंवा हार्ड डिस्क दिसली तर हा टप्पा सोडा.

नसेल दिसत, तर बायोसमध्ये डिस्कचा मोड बहुधा रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायचा मोड) किंवा इंटेल आरएसटी असा आहे. डेलमध्ये बऱ्याच मॉडेलवर "सॅटा ऑपरेशन" खाली "रेड ऑन" हेच कंपनीकडून येतं. एसरमध्ये हे सेटिंग लपवलेलं असतं, मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की प्रकट होतं. अकराव्या जनरेशनपासून पुढे व्हीएमडी नावाने असतं, पण व्हीएमडी चालू असूनही मिंटला डिस्क बहुतेक दिसते, म्हणून दिसत असेल तर उगाच छेडू नका.

मोड एएचसीआय (डिस्कचा साधा मोड) करायचाय, पण थेट केलात तर विंडोज निळा स्क्रीन देऊन मरेल. क्रम असा:

पहिलं, विंडोजमध्ये "सिस्टिम कॉन्फिगरेशन" उघडा, बूट टॅबमध्ये "सेफ बूट", "मिनिमल" टिक करा.
दुसरं, रिस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा, सेव्ह करा.
तिसरं, विंडोजला सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या. एएचसीआयचा ड्रायव्हर ते तेव्हाच उचलतं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड हाताशी असू द्या.
चौथं, सेफ बूटची टिक काढून रिस्टार्ट.

विंडोज नेहमीसारखं उघडलं की मगच पुढे. खरोखरच दोन डिस्क जोडून रेड बनवलेलं असेल किंवा इंटेल ऑप्टेनचं कॅशे (डिस्क वेगवान करायला लावलेली जादा मेमरी) असेल तर मोड बदलल्यावर डेटा जाऊ शकतो, तिथे आधी जाणत्या माणसाला विचारा.

८. आता इन्स्टॉल

चार्जर लावा. भाषा, कीबोर्ड यात काही नाही. मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवायला लागतात ते) टिक करताना सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. हा साधा आठ आकडी ठेवा आणि लिहून ठेवा, एकदाच लागतो पण पुढच्याच टप्प्यात लागतो.

मग येतं "इन्स्टॉलेशन टाइप". "इरेज डिस्क" म्हणजे विंडोज, डी ड्राइव्ह, सगळं साफ. सी ड्राइव्ह पुसेल आणि डी राहील असं समजून हे दाबणारे कमी नाहीत. विंडोज ठेवायचंय तर "समथिंग एल्स" घ्या.

इथे सी, डी अशी नावं नसतात, लांबलचक नावांची यादी असते आणि लोक तिथेच गांगरतात. नावं सोडा, आकार बघा. तिसऱ्या टप्प्यात काढलेला फोटो समोर ठेवा. एक खाचखळगा: विंडोज ज्याला १०० जीबी म्हणतं ते इथे सुमारे १,०७,३७४ एमबी असं दिसतं, मोजायची पद्धत वेगळी आहे म्हणून. तेव्हा आकडा तंतोतंत जुळणार नाही, थोडा मोठा दिसेल. तुम्हाला हवी ती ओळ "फ्री स्पेस" ची. ती निवडा, अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार एक्स्ट४, माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ, ओके. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन नको, इन्स्टॉलर स्वॅपची फाइल आपोआप बनवतो.

ईएफआयचं पार्टिशन (साधारण १०० ते २६० एमबीचं) यादीत आधीपासून असतं, विंडोजचं बूटही त्यातच आहे. ते फॉरमॅट करायचं नाही. दुसरं नवीन बनवायचंही नाही. खाली बूटलोडरच्या जागी तीच डिस्क निवडलेली आहे का बघा, पेन ड्राइव्ह नाही.

तपासा: "इन्स्टॉल नाऊ" नंतर एक खिडकी येते, कुठली पार्टिशनं फॉरमॅट होणार ते लिहिलेलं असतं. त्यात फक्त एक्स्ट४ वालं एकच नाव असलं पाहिजे. एनटीएफएस दिसलं तर मागे फिरा. या खिडकीनंतर परतीचा रस्ता नाही.

टाइम झोन कोलकाता, नाव, पासवर्ड, आणि चहा घेऊन या.

९. पहिला रिस्टार्ट

पेन ड्राइव्ह काढा. मघाशी पासवर्ड ठरवला असेल तर निळा स्क्रीन येईल, "परफॉर्म एमओके मॅनेजमेंट". तो दहा सेकंदच थांबतो. कुठलंही बटण दाबा, "एनरोल एमओके", "कंटिन्यू", "येस", पासवर्ड, रिबूट. हा स्क्रीन हुकला तर मिंट चालू होतं, पण एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर टाकूनही चालत नाही, आणि माणूस आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसतो.

थेट विंडोजच उघडलं? घाबरू नका, मिंट गेलेलं नाही, बायोस अजून विंडोजलाच पुढे ढकलतंय. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये जा आणि "उबुंटू" नावाची नोंद वर आणा. हो, उबुंटू. मिंट स्वतःची नोंद त्याच नावाने करतं, मिंट शोधत बसलात तर सापडणार नाही. एचपीमध्ये ही यादी "ओएस बूट मॅनेजर" खाली असते. काही एसरवर सिक्युरिटी टॅबमध्ये "सिलेक्ट अॅन यूईएफआय फाइल अॅज ट्रस्टेड" मध्ये जाऊन ईएफआय, मग उबुंटू फोल्डर, मग शिमची फाइल निवडून तिला नाव द्यावं लागतं, तेव्हाच नोंद यादीत येते.

ही नोंद डिस्कवर नाही तर मदरबोर्डच्या मेमरीत असते. त्यामुळे पुढे कधी ही एसएसडी काढून दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये घातलीत तर यादीत नाव आपोआप येईलच असं नाही, बूट मेनूतून "बूट फ्रॉम फाइल" सारखा पर्याय शोधावा लागतो. आतलं मिंट मात्र एकदा चालू झालं की नवं हार्डवेअर ओळखून घेतं, विंडोजसारखं नव्याने टाकायची वेळ सहसा येत नाही.

१०. लगेच करायची चार कामं

आधी "टाइमशिफ्ट" उघडून एक स्नॅपशॉट (सिस्टिम आत्ता आहे तशी जपून ठेवलेली प्रत) काढा. मग अपडेट मॅनेजरमधून सगळे अपडेट, रिस्टार्ट, आणि त्यानंतर ड्रायव्हर मॅनेजर. हाच क्रम. एनव्हिडियाला "रेकमेंडेड" लिहिलेलाच ड्रायव्हर घ्या, कंपनीच्या साइटवरून फाइल उतरवून टाकू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती फुटते. ड्रायव्हरनंतर स्क्रीन काळा झाला तर चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा (मिंटच्या बूटलोडरचा) मेनू काढा, "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मधून रिकव्हरी मोड, "रिझ्यूम", आणि टाइमशिफ्टने मागे जा.

विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. मशीन बिघडलेलं नाही. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये "सिंक नाऊ" दाबलं की तेवढ्यापुरतं जुळतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि कगप फोनेटिक असे दोन प्रकार आहेत, हात बसलाय तो जोडा.

प्रिंटर एचपीचा असेल तर बहुतेक जोडताच चालतो. कॅनन एलबीपी २९०० असेल, जो आपल्याकडे निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि ऑफिसांत दिसतो, तर आधीच सांगतो, लिनक्सवर तो त्रास देणार. त्याच्यासाठी विंडोजची बाजू ठेवा.

११. नाहीच पटलं तर काढायचा क्रम

इथेही उलटं केलं की अडकता. विंडोजमधून मिंटचं पार्टिशन आधी डिलीट केलं तर पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर नुसतं ग्रब रेस्क्यू दिसतं आणि काहीच चालू होत नाही. म्हणून आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणा, दोनदा बंद-चालू करून विंडोज थेट उघडतंय याची खात्री करा, आणि मग डिस्क मॅनेजमेंटमधून मिंटचं पार्टिशन काढून ती जागा शेजारच्या ड्राइव्हला जोडा. "एक्स्टेंड" राखाडी दिसत असेल तर मोकळी जागा त्या ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे नाही, एवढंच. तिथे नवीन ड्राइव्ह बनवून टाका.